पालिका ऑनलाइन झाली; टेबलावरच्या माणसाला कोण शिकवणार?

राज्य सरकारने मे २०२५ मध्ये १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्स सुधारणा कार्यक्रम हाती घेतला आणि २ ऑक्टोबर ही त्याची मुदत ठरवली. कार्यालयाची वेबसाइट, ‘आपले सरकार’वरच्या सेवा, ई-ऑफिस (म्हणजे फाइली कागदाऐवजी संगणकावर), डॅशबोर्ड, व्हॉट्सॲप चॅटबॉट, कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर, जीआयएस नकाशे अशा निकषांवर सरकारी कार्यालयांना गुण मिळणार होते. त्याआधीच्या १०० दिवसांच्या कार्यक्रमातही महापालिकांची क्रमवारी लागली होती. कोण पहिला, कोण दुसरा, याच्या बातम्या आपण वाचल्या.

बातमी वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न मात्र साधा असतो. सगळं ऑनलाइन झालं, तर घर माझ्या नावावर होऊन वर्ष उलटलं तरी मिळकतकराचं बिल वडिलांच्याच नावाने का येतं? जन्मदाखल्यातली एक वेलांटी दुरुस्त करायला तीन टेबलं का फिरावी लागतात? रस्त्यावरचा खड्डा तसाच असताना ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज कसा येतो?

खिडकीवर याचं उत्तर बहुधा ‘सर्व्हर डाउन आहे’ किंवा ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ असं मिळतं. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळ वेळा सर्व्हर चालू असतो, सॉफ्टवेअरही बरं असतं आणि काम अडतं ते त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला ते चालवायला कुणी नीट शिकवलेलंच नसतं म्हणून. या लेखाचा विषय तो माणूस आहे. मला त्याची बाजूही मांडायची आहे, कारण शिव्या नेहमी त्यालाच बसतात.

संगणक पालिकेत कालपरवा आलेले नाहीत

कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००० सालाच्या आसपासच नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कारभार सुरू केला. पुढे राज्यातल्या इतर पालिकांसमोर तो नमुना म्हणून ठेवला गेला. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात, म्हणजे जेएनएनयूआरएममध्ये, शहरांना निधी हवा असेल तर ई-गव्हर्नन्स आणणं ही एक अट होती. २०१५ साली स्मार्ट सिटी अभियान आलं. महाराष्ट्रातली पुणे, सोलापूर, नागपूर, ठाणे, नाशिक, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि आजचं छत्रपती संभाजीनगर ही आठ शहरं त्यात होती. मार्च २०२५ मध्ये ते अभियान संपलं.

म्हणजे पाव शतक यंत्रं येत आहेत. प्रत्येक वेळी पैसा आधी वस्तूंवर खर्च झाला: सर्व्हर, कॅमेरे, कंट्रोल रूम, परवाने. वस्तूची निविदा काढता येते, बिल लावता येतं, लेखापरीक्षकाला ती बोट लावून दाखवता येते. कर्मचाऱ्याच्या अंगी आलेलं कौशल्य असं मोजून दाखवता येत नाही. म्हणून ते निविदेच्या शेवटच्या पानावर ‘प्रशिक्षण – दोन दिवस’ एवढ्या ओळीत आटोपतं. सभागृहात शंभर जणांना पडद्यावर सॉफ्टवेअर दाखवलं जातं, चहा होतो, हजेरीपटावर सह्या होतात. दुसऱ्या दिवशी लिपिक आपल्या टेबलावर येतो तेव्हा समोर खरा अर्जदार उभा असतो आणि त्याचा अर्ज पडद्यावर दाखवलेल्या उदाहरणासारखा नसतो.

‘डिजिटल कौशल्य’ म्हणजे नेमकं काय?

हा शब्द फार ऐकतो आपण, म्हणून एकदा व्याख्या करून घेऊ. आपल्या टेबलाचं काम संगणकावर पूर्ण, अचूक आणि सुरक्षितपणे करता येणं, आणि यंत्र चुकत असेल तर ते ओळखता येणं, याला मी डिजिटल कौशल्य म्हणेन.

या व्याख्येत ‘आपल्या टेबलाचं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जन्ममृत्यू नोंदणीच्या लिपिकाला जे यायला हवं ते कर निरीक्षकाला येऊन उपयोग नाही. बांधकाम परवानगी विभागातल्या कनिष्ठ अभियंत्यासमोर नकाशा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल येतो. त्यातली कुठली त्रुटी खरी आणि कुठली नकाशावरच्या रेघेचा थर चुकल्यामुळे आलेली, हे त्याला कळायला हवं. आरोग्य निरीक्षकाला मोबाइलवर ठिकाणासह फोटो चढवता यायला हवा. मुकादमाला हजेरीचं ॲप चालवता यायला हवं आणि चेहरा ओळखला गेला नाही म्हणून एखाद्या सफाई कामगाराचा दिवस बुडत असेल, तर तो कुठे आणि कसा नोंदवायचा हेही माहीत हवं. लेखा विभागाचं जग आणखी वेगळं. एकच अभ्यासक्रम सगळ्यांच्या गळ्यात घातला की तो कुणाच्याच कामाचा राहत नाही.

यंत्राची चूक ओळखण्याचा भाग तर सहसा शिकवलाच जात नाही. सॉफ्टवेअरने पन्नास वर्षं जुन्या दोन खोल्यांना बंगल्याचा कर लावला, तर नवखा माणूस ‘सिस्टीमने काढलंय’ म्हणून बिल हातात देतो. जाणता माणूस थांबतो, नोंद उघडतो, क्षेत्रफळाच्या रकान्यात चौरस फुटांचा आकडा चौरस मीटर म्हणून पडलाय का ते बघतो. तो घोळ झाला असेल तर आकडा जवळपास अकरा पट होतो. थांबायचं कुठे हे कळणं हेच इथे कौशल्य आहे.

‘एमएससीआयटी आहे की सगळ्यांकडे!’

हा पहिला आक्षेप, आणि तो चुकीचा नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये एमएससीआयटी ही संगणकाच्या प्राथमिक ज्ञानाची परीक्षा सुरू केली. सरकारी नोकरीत तिची अट आली, वेतनवाढीशी तिचा संबंध जोडला गेला आणि लाखो लोक त्या निमित्ताने संगणकासमोर बसले. खेड्यातल्या मुलींपासून निवृत्तीला आलेल्या शिक्षकांपर्यंत अनेकांची माऊसची भीती या परीक्षेने घालवली. तिचं मोल कमी करायचं कारण नाही.

पण मैदानात आठ काढून दाखवला की लायसन्स मिळतं. म्हणून लगेच कुणी पावसाळ्यात कसारा घाटातून भरलेली एसटी नेत नाही. त्यासाठी घाट माहीत असलेल्या चालकाच्या शेजारी बसून शिकावं लागतं. पालिकेत गेल्या पंचवीस वर्षांत लायसन्सं भरपूर वाटली गेली, शेजारी बसवून शिकवण्याची सोय मात्र फारशी झाली नाही.

शिवाय त्या परीक्षेनंतर काम खूप बदललं. ई-ऑफिस, डिजिटल सही, ओटीपी, क्लाउड, एआय: यातलं बरंचसं कुणी वीस वर्षांपूर्वी पास झालं तेव्हा नव्हतंच. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र सेवापुस्तकात चिकटवलं की विषय संपला, असं या क्षेत्रात चालत नाही.

एका जन्मनोंदीची गोष्ट

कौशल्य कमी पडलं तर काय होतं, हे कळायला जन्मनोंद घेऊ. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा आहे. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हा जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा झाला. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, सगळीकडे तोच चालणार. पासपोर्टलाही या मुलांच्या जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो. पूर्वी दाखल्यात चूक असली तर शाळा सोडल्याचा दाखला पुढे करून वेळ निभावता यायची. आता त्या बाळाचं सगळं आयुष्य एका नोंदीवर उभं आहे, आणि ती नोंद पालिकेतल्या किंवा रुग्णालयातल्या एका टेबलावर, एखाद्या गर्दीच्या दुपारी, कुणीतरी टाइप केलेली असते.

समजा बाळाचं नाव ज्ञानेश्वर ठेवलं. मराठीत प्रश्न नाही. पण दाखल्यावर इंग्रजीतही नाव लागतं. ते कुणी ‘डी’ने सुरू करेल, कुणी ‘जी’ने, कुणी ‘जे’ने. आईवडिलांना विचारून, पडद्यावर दाखवून, त्यांच्याकडून खात्री करून मग ‘सबमिट’ दाबायचं, ही सवय लावावी लागते. ती आपोआप येत नाही. आडनाव, आईचं नाव आधारप्रमाणे आहे का, पत्ता जन्माच्या वेळचा की कायमचा, अशा पाचसहा जागा आहेत जिथे हमखास चूक होते. त्या जागा जुन्या लिपिकांना पाठ असतात. नव्या माणसाला त्या कुणी सांगत नाही, कारण प्रशिक्षणात कुठलं बटण कुठे आहे एवढंच शिकवतात.

आणि चूक झालीच तर? कायद्याचं कलम १५ यावर फार शहाणपणाचं आहे. मूळ नोंद खोडायची नाही. समासात दुरुस्ती लिहायची आणि खाली सही-तारीख घालायची. म्हणजे आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणी केलं, हे कायम दिसत राहतं. कागदावरच्या नोंदवहीत हे तत्त्व जुन्या लोकांनी जपलं. संगणकावरही तेच हवं: कुणी, कधी, काय बदललं याची नोंद यंत्राने ठेवायची आणि माणसाने तिच्याशी खेळायचं नाही. पण ज्याला हे तत्त्वच कुणी समजावलेलं नाही, तो सोपा मार्ग धरतो. जुनी नोंद तशीच ठेवून नवी करतो. मग एका मुलाच्या दोन नोंदी, दोन क्रमांक, आणि दहा वर्षांनी कुठल्यातरी कचेरीत त्या मुलाच्या आईला सिद्ध करत बसावं लागतं की आपल्याला एकच मूल आहे.

फॉन्ट आणि एक्सेल: न दिसणारे खड्डे

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांचं एक खास दुखणं आहे. युनिकोड रुळण्याआधी आपण जे मराठी फॉन्ट वापरत होतो, त्यांत पडद्यावर ‘क’ दिसायचा. संगणकाच्या पोटात मात्र एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असायचं. तो फॉन्ट असेल तोवर मराठी, नसेल तर अगम्य खुणा. पालिकांच्या जुन्या याद्या, ठराव, करनोंदी अशा फॉन्टांत अडकल्या. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे मजकूर कुठेही वाचता येतो आणि शोधता येतो. राज्य सरकारने युनिकोड वापरायच्या सूचना कितीतरी वर्षांपूर्वी दिल्या. तरीही अनेक टेबलांवर जुना फॉन्ट टिकून आहे, कारण त्या माणसाची बोटं त्या कळपाटावर (कीबोर्डवर) वीस वर्षं बसली आहेत आणि युनिकोडसाठीचा इनस्क्रिप्ट कळपाट शिकायला त्याला आठ दिवसांची मोकळीक कुणी दिली नाही. इनस्क्रिप्ट अवघड नाही. स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या हाताला, अशी त्याची मांडणी आहे. पण पहिले काही दिवस वेग निम्म्यावर येतो, आणि समोर रांग असताना वेग निम्म्यावर येणं कुणालाच परवडत नाही.

परिणाम तुम्ही अनुभवला असेल. ‘सिस्टीममध्ये नाव दिसत नाही.’ नाव असतं. ते शोधता येत नाही एवढंच.

दुसरा खड्डा एक्सेल. पालिकांचं पुष्कळ काम प्रत्यक्षात एक्सेलवर चालतं, सॉफ्टवेअर कोट्यवधींचं असलं तरी. आणि एक्सेल गुपचूप गोष्टी बदलतं. मिळकत क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं ते टाकून देतं. ०३/०४ हे तीन एप्रिल की चार मार्च, ते संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. संख्येचे पहिले पंधरा अंकच ते धरून ठेवतं. सोळा अंकी बँक खातं साध्या रकान्यात टाइप केलं तर शेवटचा अंक शून्य होतो. एखाद्या लाभार्थीचं अनुदान परत येतं आणि त्याला सांगितलं जातं, ‘तुमचंच खातं चुकीचं आहे.’ उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: आकडे भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा. त्या अर्ध्या मिनिटाचं ज्ञान नसल्यामुळे एखाद्या विधवा बाईचे तीन महिने हेलपाट्यांत जातात. मला या विषयाची तळमळ वाटते ती अशा गोष्टींमुळे.

पासवर्डची चिठ्ठी आणि साहेबांचं डोंगल

सुरक्षितता हा कौशल्याचाच भाग आहे, आयटी विभागाचा खासगी प्रश्न नाही. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे माहितीला कुलूप लावून किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्रॅम. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाला बरेच दिवस कागदावर काम करावं लागलं. ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं सरकारी संस्थांनाही बंधनकारक आहे. पण संशयास्पद मेल उघडलेला लिपिक घाबरून गप्प बसला, तर सहा तास मोजायला सुरुवात होणार कधी? चूक लगेच सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हे त्याला आधी खात्रीने माहीत असायला हवं.

रोजचं चित्र आणखी साधं आहे. आयडी एकाचा, वापरतात चौघं. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीचं डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची सहीची किल्ली, पिनसकट ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४२ सांगतं की सहीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी सहीधारकाने घ्यायची आहे. ते डोंगल म्हणजे त्या अधिकाऱ्याचा हात आहे. त्याने सही झालेला परवाना उद्या कोर्टात गेला तर ‘मी केला नाही’ म्हणणं अवघड जाईल. इथे शिकण्याची गरज वरून सुरू होते. साहेब स्वतः ई-ऑफिसमध्ये शेरा लिहीत नसतील, नस्तीची (फाइलची) प्रिंट मागवून कागदावर सही करून ती पुन्हा स्कॅन करायला लावत असतील, तर खालच्यांनी शिकावं कशासाठी?

‘वय झालं यांचं, आता काय शिकणार?’

हे वाक्य फार सहज बोललं जातं. पंचावन्न वर्षांचा मुख्य लिपिक भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतो, नातवाशी व्हिडिओ कॉल करतो, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो. त्याला कार्यालयातलं सॉफ्टवेअर जमत नाही याचं कारण वयात शोधण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. त्या सॉफ्टवेअरची भाषा मराठी आहे का. चूक झाली तर ती परत घेता येते का. आणि चूक केल्यावर त्याला चारचौघांत बोलणी बसतात का. यूपीआयच्या वेळी घरातली कुणीतरी पोर शेजारी बसून ‘आजोबा, आता इथे दाबा’ म्हणाली होती. कार्यालयात तरुण कर्मचाऱ्याला विचारायचं तर हुद्दा आड येतो. वरिष्ठांसाठी वेगळे, छोटे वर्ग घेतले तर हा संकोच बराच कमी होतो.

आणि या वयाच्या माणसाकडे जे आहे ते तरुणाकडे नसतं. कुठल्या पेठेतल्या वाड्याचे वारस कोण, जुन्या सर्व्हे क्रमांकाचा नवा कुठला, १९९० साली ठरावाने कुणाला सूट दिली होती, हे त्याच्या डोक्यात आहे. तो निवृत्त होण्याआधी ते संगणकात उतरवून घेणं हे पालिकेच्या हिताचं आहे.

‘कंत्राटी मुलं आहेत ना टायपिंगला!’

बहुतेक पालिकांनी काढलेली ही वाट आहे. भरती रखडलेली, कायम कर्मचारी कमी, म्हणून ठेकेदारामार्फत संगणक चालक घेतले. ती मुलं हुशार असतात, कमी पगारात राबतात. पण इथे एक फट पडते. नियम लिपिकाला माहीत, संगणक मुलाला माहीत. लिपिक कागदावर लिहून देतो, मुलगा जसंच्या तसं चढवतो. नोंद चुकीची वाटली तरी नियम माहीत नसल्यामुळे मुलगा बोलत नाही, आणि पडदा बघत नसल्यामुळे लिपिकाला ती दिसत नाही. शिवाय ठेका संपला की ते सगळं ज्ञान त्या मुलासोबत दाराबाहेर जातं.

मुलांना काढा असं माझं म्हणणं नाही. त्यांनाही कायदा शिकवा, आणि अंतिम नोंद मंजूर करायचं काम लिपिकाने स्वतःच्या आयडीने, स्वतःच्या डोळ्यांनी करावं.

याचाच भाऊ असलेला आक्षेप: ‘शिकवलं की बदली होते.’ खरंय. म्हणून शिक्षण माणसाबरोबर टेबलालाही द्यावं लागतं. प्रत्येक टेबलाची मराठीतली, पडद्यांच्या चित्रांसह, चारपाच पानी पुस्तिका हवी, आणि ती तिथे काम करणाऱ्यानेच लिहिलेली हवी. पदभार सोपवताना नस्त्यांची यादी देतात. तिच्या जोडीला कुठले आयडी बंद केले, कुठले नव्या माणसाच्या नावाने उघडले, याची यादीही द्यावी.

‘मोफत ऑनलाइन कोर्स आहेत, ते पुरेत’

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली. ‘आयगॉट कर्मयोगी’ या मंचावर सरकारी कर्मचाऱ्यांना मोबाइलवरही कोर्स करता येतात. नियमांपेक्षा भूमिकेवर आधारलेलं प्रशिक्षण, हे त्यामागचं सूत्र मला पटतं. वर जे ‘आपल्या टेबलाचं’ म्हटलं ते हेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षण सप्ताह झाला, त्यात प्रत्येकाने किमान चार तास शिकावं असं लक्ष्य होतं.

अडचण तास मोजण्यात आहे. वरून आकडा मागितला की खालून आकडा जातो. एका खिडकीत व्हिडिओ चालू, दुसऱ्या खिडकीत रोजचं काम, शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड. सायबर सुरक्षेची ओळख, मेल कसा लिहावा, यासाठी असे कोर्स उत्तम. मिळकतीचं हस्तांतरण कसं नोंदवावं, हे व्हिडिओ सांगू शकत नाही, कारण प्रत्येक पालिकेचं सॉफ्टवेअर वेगळं.

ते शिकवणारा माणूस मात्र प्रत्येक प्रभाग कार्यालयात आधीपासून बसलेला असतो. काही अडलं की ‘त्या मॅडमना विचारा’ असं सगळे म्हणतात. त्या मॅडम आपलं काम सांभाळून दिवसातून दहा वेळा उठतात आणि कुणाचं तरी अडलेलं सोडवून देतात. या कामाची कुठेही नोंद नसते. त्यांना आठवड्यातून एक दुपार अधिकृतपणे याच कामासाठी द्या, त्यांच्या गोपनीय अहवालात त्याचा उल्लेख करा, यशदा (पुण्यातली राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था) किंवा अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेत त्यांना आधी शिकायला पाठवा. बाहेरच्या व्याख्यात्यावरच्या खर्चापेक्षा हे कितीतरी कमी पैशात होईल आणि जास्त टिकेल.

मुंबईत जून २०२० मध्ये हे वेगळ्या रूपात दिसलं. कोविडच्या खाटांचं वाटप एका केंद्रीय हेल्पलाइनवरून आवरेना, तेव्हा महापालिकेने प्रत्येक विभाग कार्यालयात वॉर रूम उघडल्या. चाचण्यांचे अहवाल आधी पालिकेकडे, मग विभागवार याद्या, मग तिथून रुग्णाला फोन. यातलं तंत्रज्ञान साधंच होतं. काम कुणी, कुठल्या क्रमाने करायचं हे स्पष्ट होतं आणि यादी हातात असणाऱ्याला निर्णय घ्यायची मुभा होती, म्हणून ते चाललं.

‘एआय सगळं करेल, मग शिकवायचं कशाला?’

हा ताजा आक्षेप. एआय ठरावाचा मसुदा लिहून देईल, तक्रारींची वर्गवारी करेल, दोनशे पानांच्या अहवालाचा गोषवारा काढेल. ही मदत घ्यावीच. पण ते न चाचरता चुकीचं कलमही लिहून देतं, आणि ते चुकीचं आहे हे ओळखायला कायदा माहीत असलेलाच माणूस लागतो. दोन नोंदी असलेल्या मुलाची माहिती त्याला दिली, तर ते दोन मुलं धरूनच चालेल.

दुसरा धोका गुपिताचा. नागरिकाचा अर्ज, त्यातला आधार क्रमांक, आजाराची माहिती, हे सगळं फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून ‘याचं उत्तर लिहून दे’ म्हणणं आज कुठल्याही कार्यालयात घडू शकतं. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधनं वापरू नयेत असं आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं, ते याच काळजीने. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नुसती बंदी घातली तर लोक स्वतःच्या मोबाइलवर वापरतील. काय टाकायचं, काय नाही, हे दोन तासांत उदाहरणं देऊन शिकवता येतं.

हे तुमच्याआमच्या अधिकारात कुठे बसतं?

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ ने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत दिली आहे आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नागरिकाने हा हक्क जरूर वापरावा, अपील करावं. पण ज्याला साधन चालवायला शिकवलं नाही त्याला फक्त दंड लावून मुदत पाळली जाईल असं मला वाटत नाही. मुदत गाठायला अपुरा अर्ज त्रुटी काढून परत पाठवणं, खड्डा न बुजवता तक्रार बंद करणं, हे मार्ग मग सापडतात.

दरवर्षी आयुक्त स्थायी समितीला अंदाजपत्रक सादर करतात. त्यात संगणक विभागाच्या लेखाशीर्षाखाली खरेदी किती आणि प्रशिक्षण किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. केंद्राच्या २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने विभागांना वेतनखर्चाच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवायला सांगितलं होतं. आपल्या पालिकेचा आकडा त्याच्या कुठे आहे ते नगरसेवकाला विचारा. माहिती अधिकारात आणखी तीन गोष्टी मागता येतात: गेल्या वर्षी कुठल्या टेबलावरच्या किती जणांना काय शिकवलं, जन्ममृत्यू आणि मिळकतकराच्या नोंदींत दुरुस्तीचे किती अर्ज आले, आणि बदली किंवा निवृत्ती झालेल्यांचे किती आयडी अजून चालू आहेत.

पुढची सॉफ्टवेअर खरेदी सभागृहात येईल तेव्हा नगरसेवकाने निविदेतली प्रशिक्षणाची ओळ काढून वाचावी. तिथे ‘दोन दिवस’ लिहिलेलं असेल तर ते खोडून वर्षभराचं करून घ्यावं, सॉफ्टवेअर स्वीकारण्याआधीची चाचणी टेबलावरच्या लिपिकांकडून करून घेण्याची अट घालावी, आणि शेवटचा हप्ता ते लिपिक ठेकेदाराच्या माणसाशिवाय काम करू लागल्यावरच द्यावा.